समाधीवाचून स्मृती : यमुनाकाठची मराठी स्थळे आणि बखरींची साक्ष

दिल्ली आणि तिच्या भोवतालचा प्रदेश हा थडग्यांचा प्रदेश आहे, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही. महरौलीपासून पानिपतापर्यंत ज्या असंख्य खेड्यांना महानगराने एकामागून एक पोटात घेतले, त्यांच्या शिवारांत ढासळलेले घुमट, चुनेगच्ची चौथऱ्यांवरील अनामिक कबरी आणि गावकुसाबाहेरील जुनी कब्रस्ताने पदोपदी आढळतात. या वास्तूंची नोंद घेण्याची परंपराही जुनी आहे. सय्यद अहमद खान यांचा ‘आसार-उस-सनादीद’ हा ग्रंथ १८४७ साली प्रसिद्ध झाला. पुढे मौलवी जफर हसन यांनी दिल्ली प्रांतातील मुसलमानी व हिंदू वास्तूंची यादी चार खंडांत सिद्ध केली. हे खंड १९१६ ते १९२२ या काळात बाहेर पडले. ख्रिस्ती थडग्यांवरील लेखांचे संकलन पंजाबपुरते माइल्स अर्व्हिंग यांनी आणि संयुक्त प्रांतापुरते ब्लंट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केले. हिवतापामुळे इंग्रजांनी सोडून दिलेल्या कर्नाळच्या छावणीमागे जी दफनभूमी उरली, तिच्यासारख्या जागाही अशा संकलनांमुळे विद्वानांच्या दृष्टीआड झाल्या नाहीत. १९७६ साली दक्षिण आशियातील युरोपीय दफनभूमींच्या जतनासाठी लंडनमध्ये एक स्वतंत्र संस्थाच स्थापन झाली.

मराठी वाचक या याद्या उघडतो तेव्हा मात्र त्याच्या पदरी निराशा येते. १७३७ साली बाजीराव दिल्लीच्या वेशीवर येऊन गेला, तेव्हापासून १८०३ साली शिंद्यांच्या पलटणी पटपरगंजच्या मैदानात मोडल्या गेल्या तोपर्यंत, म्हणजे तब्बल ६६ वर्षे, या प्रदेशाच्या राजकारणात मराठ्यांचा हात होता. हिंगण्यांसारखी वकिलांची घराणी दिल्लीत नांदली. महादजी शिंद्यांनी बादशहाच्या वतीने कारभार चालविला. हजारो माणसे येथे मेली. असे असता त्यांच्या मरणाची खूण सांगणारा दगड सहसा हाती लागत नाही. या अभावाचे कारण कोणते आणि त्या अभावाने मराठी वाङ्मयाला काय दिले, हा प्रश्न पुराणवस्तुसंशोधनाचा जितका आहे, तितकाच साहित्याचाही आहे.

पहिले कारण उघड आहे. दहन करणाऱ्या समाजाला कबर नसते. तथापि एवढ्याने उलगडा होत नाही. कारण महाराष्ट्रात स्मारकशिळांची वाण मुळीच नाही. तेथे गावोगाव मारुतीच्या देवळापाशी किंवा वेशीजवळ वीरगळ उभे आहेत, सतीचा हात कोरलेल्या शिळा आहेत. परंतु वीरगळ ही गावाची वस्तू आहे. गाई वळविताना, वेस राखताना जो पडला त्याचा दगड त्याच गावाने उभारावा, त्यास शेंदूर लावावा, वर्षातून एकदा नारळ फोडावा, असा तो व्यवहार आहे. शेकडो कोसांवर परमुलखात पडलेल्याचा दगड कोणी उभारावा आणि त्यास शेंदूर कोणी लावावा? शिवाय अठराव्या शतकापर्यंत वीरगळाची प्रथा पुष्कळशी मंदावलीही होती. अशा मृताची सोय घरातच केली जाई. देवघरात वीराचा टाक बसे. होळीच्या सुमारास वीर नाचविण्याची चाल काही भागांत अद्याप आहे. ज्याचे प्रेतच हाती आले नाही त्याच्यासाठी धर्मशास्त्राने पालाशविधी सांगितला आहे. पळसाच्या देठांची मनुष्याकृती रचावयाची, तिला दहन द्यावयाचे आणि मग सुतक धरावयाचे. म्हणजे देह यमुनेकाठी आणि त्याची प्रतिमा कृष्णा-नीरेच्या काठी, अशी ही विभागणी होती. दिल्लीजवळच्या शेतांत जे सापडत नाही, ते वाईच्या किंवा सासवडच्या देवघरात शोधावे लागते.

दुसरे कारण सैन्याच्या गतीत आहे. फिरत्या फौजेला मागे वळून स्मारक उभारण्यास सवड नसते, आणि जी फौज हरते तिला तर रणभूमीवर पाय ठेवण्याचीही सोय उरत नाही. मैदान ज्याच्या हाती राहते, दगडही बहुधा त्याचाच असतो.

या दृष्टीने बुराडीचे उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. दिल्लीच्या उत्तरेस यमुनेच्या काठी बुराडी नावाचे गाव होते. आज ती दाट वस्तीची उपनगरी झाली आहे. येथील घाटावर १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे पडला आणि जनकोजी जखमी झाला. अफगाण व रोहिले नदी ओलांडून आले ते बेटातील उंच गवताच्या आणि झाऊच्या झुडपांच्या आडोशाने. समोरचा शत्रू दिसेना, आणि घोडदळाला मोकळा हल्ला करता येईना. या प्रसंगाचे जे चित्र मराठी मनात ठसले आहे ते ‘भाऊसाहेबांच्या बखरी’तले. घायाळ होऊन पडलेला दत्ताजी, त्याच्यापुढे उभा राहून उपहासाने प्रश्न विचारणारा कुतुबशहा, आणि त्या प्रश्नास दत्ताजीने दिलेले हिंदुस्थानी भाषेतील उत्तर महाराष्ट्रातील शाळकरी मुलासही पाठ असते. ते उत्तर मराठीत नाही, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मराठी बखरकाराने आपल्या नायकाच्या अखेरच्या शब्दांसाठी शत्रूला समजणारी भाषा निवडली. मराठ्यांचा उत्तरेतील वावर किती खोल गेला होता, याचा हा एक भाषिक पुरावाच म्हणता येईल. ते शब्द दत्ताजीने प्रत्यक्ष उच्चारले की नाहीत, हे मात्र केवळ बखरीच्या भरवशावर ठरविता येणार नाही.

आता हे स्थळ कोठे दाखवावयाचे? यमुनेने आपले पात्र वारंवार बदलले आहे. अठराव्या शतकातील उतार, बेट आणि बेटातील झाडी यांचा आजच्या भूमीवर नेमका मेळ घालणे दुरापास्त आहे. नदी हीच ज्या रणाची सीमा होती ते रण नदीबरोबर सरकले, असेच समजावे लागते. या गावाच्या वाटेवरच १९११ च्या दरबाराची जागा आहे. तेथे दरबाराचा स्तंभ आहे, आणि स्वातंत्र्यानंतर राजधानीच्या चौकांतून हलविलेल्या पंचम जॉर्ज बादशहाच्या व व्हाइसरॉयांच्या संगमरवरी पुतळ्यांची वस्तीही तेथेच करण्यात आली. साम्राज्य संपल्यावरही त्याचे दगड जागा धरून राहिले आहेत. दत्ताजीच्या वाट्याला बखरीतील एक ओळ आली. दोहोंत अधिक टिकाऊ कोणते, हे मुंबईच्या किंवा नागपूरच्या कोणत्याही वर्गात जाऊन विचारावे.

बुराडीपासून उत्तरेकडे निघाले की सोनपतावरून पानिपत येते. या वाटेवरचा १७६० सालचा मराठ्यांचा प्रवास पत्रांतून बराच नेमका मांडता येतो. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली, दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून तिची नाणी पाडण्यात आली. किल्ला नारोशंकराच्या स्वाधीन करून भाऊ कुंजपुऱ्यावर गेला. ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा पडला आणि तेथे सापडलेल्या कुतुबशहाचे शिर कापून दत्ताजीचा सूड घेण्यात आला. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली, आणि भाऊचा दिल्लीशी असलेला संबंध तुटला. त्यानंतरचे अडीच महिने पानिपतच्या गावालगत खंदक खणून काढले गेले. त्या अवधीतही मृत्यू चालूच होता. डिसेंबरच्या चकमकीत बळवंतराव मेहेंदळे पडला आणि त्याची स्त्री लष्करातच सती गेली. घरी असती तर कदाचित तिचा हात कोरलेली शिळा उभी राहिली असती.

१४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. या दिवशी काय घडले याची पुनरुक्ती येथे अनावश्यक आहे. येथे प्रश्न आहे तो त्यानंतरच्या दोनतीन दिवसांचा, म्हणजे प्रेतांचा. यासंबंधी सर्वांत तपशीलवार साक्ष देतो तो काशीराज. हा दख्खनी ब्राह्मण शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. तो शत्रूपक्षाच्या छावणीत होता, आणि त्याची सहानुभूती मात्र पुष्कळ अंशी पराभूतांकडे होती. त्याने हा वृत्तान्त सुमारे वीस वर्षांनी फारसीत लिहिला, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स ब्राउन याच्या भाषांतरामुळे तो इंग्रजी वाचकांपुढे आला. मराठी माणसाने फारसीत लिहिलेला आणि आधी इंग्रजीतून जगास ठाऊक झालेला हा मजकूर भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाने केवळ इतिहासाचे साधन म्हणून बाजूस सारू नये. विश्वासरावाचे प्रेत अब्दालीच्या छावणीत कसे आणले गेले, ते पाहण्यास लोक कसे लोटले, ते भुसा भरून काबूलला नेण्याची मागणी कशी पुढे आली, शुजाने मध्यस्थी कशी केली, एका मस्तकरहित धडावरील जुन्या खुणांवरून ते भाऊचे असल्याचे कसे ठरविण्यात आले आणि ब्राह्मणांकरवी दहनसंस्कार कसा झाला, हे सर्व त्याने सांगितले आहे. दहन झाले, परंतु त्या जागेवर वृंदावन बांधले गेले नाही, चौथरा घातला गेला नाही. घालणारा कोण होता?

पानिपतच्या पराभवाची बातमी दक्षिणेकडे गेली तीही अशीच नावांवाचून. नानासाहेब पेशवे भेलशाच्या बाजूस असता त्यांच्या हाती सावकारी सांकेतिक पत्र पडले, आणि त्यात मेलेल्या माणसांची गणती मोती, मोहरा, रुपये आणि खुर्दा या भाषेत केली होती. मराठीत शोकाचे याहून संक्षिप्त लेखन दुसरे नसेल. मोत्यांची नावे ऐकणाऱ्याला ठाऊक होती. खुर्द्याला नाव नव्हते.

पुढे भाषेनेच स्मारकाचे काम पत्करले. ‘पानिपत’ हे ग्रामनाम मराठीत सामान्यनाम झाले. परीक्षेत, निवडणुकीत, व्यापारात कोणाचेही पानिपत होऊ शकते. ‘भाऊगर्दी’ हा शब्द त्या दिवसाच्या गोंधळातून निघाला आणि आता बाजारातल्या दाटीलाही चालतो. ‘संक्रांत कोसळणे’ हा प्रयोगही लोक याच दिवसाशी जोडतात. त्या जोडणीत थोडी गफलत आहे. अयनचलनामुळे मकरसंक्रांतीचा दिवस दर सत्तरएक वर्षांनी इंग्रजी तारखेने एक दिवस पुढे सरकतो. त्या काळी ती १४ जानेवारीस नव्हे, तर १० तारखेच्या सुमारास येई. म्हणजे संक्रांतीच्या दिवशी पडला तो दत्ताजी, आदल्या वर्षी, बुराडीस. लोकस्मृतीने दोन मरणे एका सणावर आणून ठेवली. इतिहासकाराने तारीख दुरुस्त करावी हे योग्यच. मात्र बुराडी व पानिपत ही एकाच दुःखाची दोन टोके आहेत, ही त्या चुकीमागची जाणीव खोटी नाही.

देह ओळखला गेला की नाही, हा प्रश्न पुण्यात मात्र मिटला नाही. काशीराजाची साक्ष काही असो, भाऊ जिवंत असल्याची वदंता पसरली, आणि सुखनिधान नावाचा एक कनोजा ब्राह्मण भाऊ म्हणून पुढे आला. तो बराच काळ कैदेत राहिला. १७७६ साली सुटून त्याने कोकणात बंड माजविले, अनेक किल्ले त्याच्या हाती गेले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकाचा विषय हाच. या प्रकरणाची राजकीय कारणे पुष्कळ सांगितली गेली आहेत आणि ती खरीही आहेत. परंतु ज्याची समाधी नाही त्याचाच तोतया निघू शकतो, ही साधी गोष्ट त्या चर्चेत मागे पडते. विश्वासरावाचे प्रेत अनेकांनी पाहिले होते. भाऊचे तसे नव्हते. पार्वतीबाईंनी तर अखेरपर्यंत वैधव्य पत्करले नाही. १७८३ साली त्या वारल्या, तेव्हा त्यांच्याबरोबरच भाऊंचेही उत्तरकार्य करण्यात आले. बावीस वर्षे एक मृत्यू अपुरा राहिला होता.

याच अपुरेपणाचे दुसरे रूप हरियाणातील एका खेड्यात पाहावयास मिळते. रोहतक जिल्ह्यातील सांघी या गावी नाथपंथी डेऱ्यात भाऊंची समाधी म्हणून एक स्थान दाखविले जाते. पानिपताहून घायाळ अवस्थेत निघालेला भाऊ या गावी पोचला, त्याने संन्यास घेतला आणि येथेच देह ठेवला, अशी तेथील परंपरा आहे. कागदोपत्री पुराव्याच्या कसोटीस ती उतरत नाही, आणि ती तशी उतरविण्याचा अट्टाहासही करू नये. तिचा विचार वेगळ्या अंगाने करावयास हवा. पुण्याच्या दरबाराने तोतयाला शिक्षा करून प्रश्न मिटविला. सांघीच्या गावकऱ्यांनी त्याच प्रश्नाचे उत्तर जोगी करून दिले. पराभूत सेनापतीस परक्या मुलखातील एका खेड्याने आपला साधू मानावे आणि पिढ्यान् पिढ्या त्याची जागा राखावी, ही घटना मराठी वाङ्मयाच्या कक्षेबाहेरची असली, तरी मराठी इतिहासाच्या कक्षेबाहेरची नाही. हरियाणातील रोड समाजातील अनेकजण आपले मूळ पानिपतातून वाचलेल्या मराठ्यांपर्यंत नेतात. त्या दाव्याविषयी मतभेद आहेत. या दोन्ही परंपरा गावच्या बोलीत, वृद्धांच्या तोंडून, नीट लिहून घेण्याचे काम एखाद्या विद्यापीठाने हाती घ्यावे. डेरे सिमेंटने नव्याने बांधले जात आहेत आणि सांगणारे कमी होत आहेत.

पानिपत शहराबाहेरील ‘काला आंब’ या जागेची गोष्ट याहून निराळी आहे. भाऊ येथून लढाई चालवीत होता किंवा येथे पडला, रक्ताने माती भिजली आणि आंब्याचे झाड काळे पडले, अशी कथा. झाड वाळल्यावर त्याच्या लाकडाचे दरवाजे करवून ते राणी व्हिक्टोरियाला नजर केल्याचेही सांगतात. जागेवर इंग्रजी अमदानीतील विटांचा स्तंभ आहे, त्याभोवती अलीकडे बाग व स्मारक झाले आहे, आणि १४ जानेवारीस तेथे महाराष्ट्रातून माणसे जमतात. येथे दगड आहे. परंतु तो नंतरच्या सत्तेने लोककथेच्या आधारे ठेवलेला दगड आहे, हे विसरता कामा नये. पानिपतात येणारा मराठी यात्रेकरू बहुधा येथूनच परततो. गावात बू अली शाह कलंदराचा दर्गा आहे आणि त्याच आवारात उर्दू कवी व समीक्षक ख्वाजा अल्ताफ हुसेन हाली यांची कबर आहे. जे नाव मराठीत सर्वनाशाचा पर्याय झाले, तेच उर्दूत ‘हाली पानिपती’ म्हणून आधुनिक समीक्षेच्या आरंभाशी निगडित आहे. साहित्याच्या अभ्यासकाने त्या आवारात दहा मिनिटे तरी घालवावीत.

मग मराठ्यांच्या बाजूची, त्या काळाशी निगडित अशी दगडी खूण कोठेच नाही काय? आहे, मात्र त्यासाठी दिल्लीच्या दक्षिणेस भरतपूर-डीगच्या जाट मुलखात जावे लागते. कुम्हेर, म्हणजे मराठी कागदांतील ‘कुंभेरी’, या गढीच्या वेढ्यात मार्च १७५४ मध्ये मल्हाररावांचा मुलगा खंडेराव होळकर गोळा लागून पडला. कुम्हेरजवळच्या गांगरसोली गावी त्याची छत्री आहे. अहिल्याबाई सती निघाल्या होत्या आणि मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले, ही सर्वश्रुत कथा याच स्थळाची. कुंभेरीची माती यमुनेत टाकण्याची मल्हाररावांची प्रतिज्ञाही येथलीच. बखर त्या प्रतिज्ञेपाशी रेंगाळते, गाव छत्रीपाशी. ही छत्री टिकली याचे कारण होळकरांचे घराणे पुढे राज्यकर्ते म्हणून टिकले, आणि अहिल्याबाईंच्या रूपाने त्या घराण्याला बांधकामाची जाण असलेली शास्ती मिळाली. आलमपूर येथे त्यांनी मल्हाररावांचीही छत्री उभारली. ज्यांचा वंश आणि वतन पानिपतातच बुडाले, त्यांना हे भाग्य कोठले?

त्याच जाट मुलखात सात वर्षांनी पानिपतचे निर्वासित आले. ज्या सूरजमलाच्या गढीवर मराठ्यांनी तोफा लावल्या होत्या, त्यानेच त्यांना अन्न, वस्त्र आणि औषध दिले. या घायाळांत समशेर बहादूर होता, बाजीराव आणि मस्तानी यांचा मुलगा. डीग येथे त्याचा अंत झाला आणि त्या मुलखातच त्याचे दफन झाले. थोरल्या बाजीरावाच्या रक्ताचा, पण ब्राह्मण्यात न घेतलेला आणि म्हणून मुसलमान म्हणून वाढलेला हा मुलगा. विश्वासराव व सदाशिवराव यांच्या अस्थींचा पत्ता लागत नाही, आणि ज्याला पेशवे कुळाने पंक्तीस बसविले नाही, त्याच्याच वाट्याला उत्तरेच्या भूमीत कबर आली. बखरी समशेर बहाद्दराचे नाव आदराने घेतात. परंतु त्याच्या कबरीला मराठी वाङ्मयात जागा मिळाली नाही, कारण त्या वाङ्मयाची शोकाची भाषाच चिता, पिंड आणि गंगा यांची होती.

मराठ्यांच्या चाकरीतील परक्यांची थडगी याच न्यायाने उरली. शिंद्यांच्या पदरचा डच सरदार जॉन हेसिंग १८०३ साली आग्र्यास वारला. त्याच्या विधवेने लाल दगडात ताजमहालाची छोटी प्रतिकृती उभारून त्याला तीत ठेवले, आणि ती कॅथलिक दफनभूमीत आजही सुस्थितीत आहे. हेसिंगच्या हाताखालच्या दक्षिणी व पूरबी शिपायांचे काय झाले, हे विचारण्याची आवश्यकता कोणाला वाटली नाही.

या सर्वावरून बखरीकडे पाहण्याची एक दिशा सुचते. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढताना वि. का. राजवाड्यांनी अस्सल पत्रांच्या कसोटीवर बखरींची कठोर तपासणी केली, आणि तारखा, संख्या व क्रम यांबाबतीत त्या कशा घसरतात हे दाखवून दिले. शेजवलकरांनीही १९६१ च्या आपल्या ग्रंथात पानिपतची उभारणी पत्रांवरच केली. हा दंडक इतिहासापुरता निरपवाद आहे. परंतु स्थळांच्या बाबतीत बखर सर्वस्वी टाकाऊ नाही. बुराडी, कुंभेरी, कुंजपुरा, बागपत, पटपरगंज ही नावे महाराष्ट्रातील श्रोत्याच्या तोंडी बसली ती बखरी, कैफियती व पोवाडे यांमुळे. आणि आज त्या जागी उभे राहिलेल्या वसाहतींखालचे जुने शिवार ओळखण्यास ती नावे हाच पहिला धागा आहे. बखर ही समाधीच्या जागी आलेली रचना आहे, असे मानले तर तिचे अनेक दोष निराळे दिसू लागतात. मृताच्या तोंडी बाणेदार उत्तर घालणे ही इतिहासलेखनातील चूक आहे. स्मृतिलेखातील मात्र ती जुनी आणि सार्वत्रिक रीत आहे.

येथेच सावधगिरीचीही जरुरी आहे. अलीकडे उत्तरेत मराठ्यांची स्मारके उभारण्याची इच्छा वाढली आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत ९८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत तालकटोरा येथे भरले, तेव्हा १७३७ सालच्या मार्चअखेरीस बाजीरावाची गाठ बादशाही फौजेशी याच परिसरात पडली होती, याचे स्मरण पुष्कळांना झाले. बाजीरावाने चिमाजी अप्पास लिहिलेल्या पत्रात कालिकेच्या यात्रेचा उल्लेख येतो. ते कालकाजीचे देऊळ आज मेट्रोच्या एका स्थानकाला नाव देऊन उभे आहे. या स्मरणात गैर काहीच नाही. मात्र जेथे साधने संदिग्ध आहेत तेथे नवा दगड बसला की संदेह मिटल्यासारखा होतो, आणि पुढच्या पिढीला तो दगडच पुरावा वाटू लागतो. बुराडीचा घाट नेमका कोठे होता, भाऊ कोठे जळला, हे प्रश्न खुले ठेवण्यात दत्ताजीचा किंवा भाऊचा अवमान नाही. फलक लावावयाचाच, तर परंपरा काय सांगते आणि पत्रे काय सांगतात, हे दोन्ही त्यावर लिहिता येईल.

पटपरगंजच्या लढाईचा दगड हे याचे चांगले उदाहरण ठरते. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेच्या पूर्वेस जनरल लेक आणि शिंद्यांचा फ्रेंच सेनापती लुई बूर्कँ यांच्यात ही लढाई झाली. पाच दिवसांनी लेक आंधळ्या शाह आलमच्या भेटीस लाल किल्ल्यात गेला, आणि दिल्लीवरील मराठ्यांचा अंमल संपला. विजयी पक्षाने पुढे, विसाव्या शतकात, या रणभूमीवर एक स्तंभ उभारला. आसपासची खेडी नोएडाच्या सेक्टरांत विरघळली. स्तंभ आज गोल्फच्या मैदानात हिरवळीच्या कडेला उभा आहे. त्यावर दोन सेनापतींची नावे कोरली आहेत, एक इंग्रज आणि एक फ्रेंच. शिंद्यांच्या सैन्याचा निर्देश ‘मराठे’ एवढाच आहे.